दुधाशिवाय मसाला चहाचे मफिन, सकाळच्या घाईत जमतील असे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला दूध बंद केलंय, घरात मसाला चहाची सगळ्यांना चटक, म्हणून तुम्ही नेहमीच्या एगलेस मफिनच्या कृतीत दह्याऐवजी बदामाचं दूध, कंडेन्स्ड मिल्कऐवजी साखर आणि वर कपभर कडक चहा घातला. मफिन जड झाले, काळपट दिसले, जिभेवर साबणासारखं काहीतरी लागलं. चहाची चव तर आलीच नाही, नुसता गरम मसाल्याचा वास. आणि शाळेची बस सव्वासातला येते, तर हे सगळं सकाळी करायचं कधी?

आधी बिघाड कुठे झाला ते बघू, कारण तो एकाच ठिकाणी झालाय आणि बाकी सगळं त्यातून आलंय.

आपल्याकडच्या बहुतेक एगलेस कृती दही किंवा कंडेन्स्ड मिल्कच्या जिवावर उभ्या असतात. अंडं काढलं की त्याची भरपाई दुधातून करायची, ही आपली पद्धत. त्यामुळे एगलेस कृती हाताशी धरून दूध काढायला गेलं की पायाच निघून जातो. दही फक्त ओलावा देत नव्हतं. त्यातलं आम्ल खायच्या सोड्याला उठवत होतं, म्हणजे सोड्यातून वायू सुटून पीठ फुलत होतं. तुम्ही दही काढलं, सोडा तसाच ठेवला. बदामाच्या दुधात आम्ल नाही. मग सोडा भट्टीच्या उष्णतेनं थोडाफार फुलतो, पण मागे सोडियम कार्बोनेट ठेवून जातो. हाच आपला धुण्याचा सोडा. साबणासारखी चव तिथून आली.

काळपट रंगही त्याच सोड्यामुळे. चहातली रंगद्रव्यं आम्लात फिकी पडतात आणि सोड्यात गडद होतात. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की तो उजळतो, ते रोजच्या बघण्यातलं आहे. काश्मिरी नून चहात रंग यावा म्हणून सोडा घालतात, तीही याचीच दुसरी बाजू. तुमच्या पिठात चहा होता, मोकळा राहिलेला सोडा होता, आणि आम्ल नव्हतं. रंग काळवंडणारच.

तेव्हा पहिली दुरुस्ती फार साधी: सोडा निम्म्यावर आणा, फुलवण्याचं मुख्य काम बेकिंग पावडरला द्या (तिच्यात आम्ल आधीच असतं), आणि उरलेल्या सोड्यासाठी एक टेबलस्पून लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर घाला. एवढ्यानं मफिन हलके होतील. चहाची चव मात्र अजून येणार नाही, ती वेगळी गोष्ट आहे.

माझ्याकडे शिकायला येणारे जवळजवळ सगळे जण पहिला प्रश्न विचारतात, "दुधाऐवजी कुठलं दूध घालू?" मला वाटतं प्रश्न थोडा मागे नेऊन विचारायला हवा: दूध तिथे काय काय काम करत होतं? गाईच्या दुधात ८७ टक्के पाणीच असतं. म्हणजे ओलाव्यासाठी दूध लागत नाही, पाणी पुरतं. पण उरलेल्या १३ टक्क्यांत तीन कामकरी असतात. स्निग्धांश मसाल्याचा सुगंध धरून ठेवतो. प्रथिनं, त्यातही केसीन, चहातल्या टॅनिनला पकडून त्याचा तुरटपणा मारतात. आणि साधारण पाच टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, प्रथिनांबरोबर तापून वरच्या पापुद्र्याला तांबूस रंग देतो. ही तीन कामं तीन वेगवेगळ्या जिनसांवर सोपवली की दूध आठवत नाही. सगळी एकाच खोक्यातल्या बदाम पेयावर टाकली तर ते बिचारं काय करणार? त्यात बदाम नावापुरते असतात, बाकी पाणी.

आता चहा. इथे जरा रेंगाळतो, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

आपण घरी वापरतो ती दाणेदार चहा पावडर सीटीसी पद्धतीची असते. ही यंत्रं १९३० च्या सुमारास आसामात आली. पान चिरडून, फाडून, गुंडाळून त्याचे दाणे करायचे. पान इतकं चिरडलेलं असतं की रंग आणि टॅनिन काही मिनिटांत पाण्यात उतरतात. हा चहा दूध घालून उकळायला उत्तम, कारण दुधातलं केसीन तो तुरटपणा झेलतं. दूध नसताना तोच चहा दहा मिनिटं खळखळा उकळून अर्क काढलात तर तो घसा धरतो, आणि भाजल्यावर तो तुरटपणा कमी होत नाही. मग माणूस काय करतो, साखर वाढवतो. मफिन गोड आणि तुरट, दोन्ही होतात.

म्हणून चहाचा अर्क असा काढा. एका पातेल्यात २२० मिली पाणी आणि गवती चहाची चार-पाच पाती, कात्रीनं तुकडे करून, दोन मिनिटं उकळा. गॅस बंद करा. मग दोन टेबलस्पून भरून चहा पावडर घाला, साधारण १२ ग्रॅम. झाकून पाच मिनिटं, घड्याळ लावून. गाळा, पण चोथा चमच्यानं दाबून पिळू नका. कडूपणा शेवटच्या थेंबांत असतो. फुगलेली पावडर बरंच पाणी पिऊन बसते, त्यामुळे हाताशी १५० मिलीच्या आसपास राहील. आपल्याला १४० मिली हवंय. कमी भरलं तर साधं पाणी घालून माप पुरं करा.

रात्री वेळ असेल तर याहून सोपा मार्ग आहे. तेवढीच चहा पावडर गार पाण्यात घालून बरणी झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी गाळायची. गार पाण्यात टॅनिन कमी उतरतं, चव गोल राहते. मला स्वतःला मफिनसाठी हाच अर्क आवडतो. गवती चहा मात्र गार पाण्यात फारसा उतरत नाही. तो हवा असेल तर थोड्या पाण्यात वेगळा उकळून, गार करून मिसळा.

दार्जिलिंगसारखा नाजूक चहा इथे वाया जातो, त्याचा सुवास भट्टीत टिकत नाही. ग्रीन टी नको. साधा कडक आसाम, वाण्याकडे सुटा मिळतो तोही चालेल.

पण नुसत्या अर्कानं चहा "लागत" नाही, हे तुम्ही अनुभवलंच. पिठात गेल्यावर १४० मिली पाण्याची चव २५० ग्रॅम पिठात आणि साखरेत विरून जाते. म्हणून चहा दुसऱ्या वाटेनंही आत न्यायचा, तेलातून. एक टीस्पून चहा पावडर मिक्सरच्या छोट्या भांड्यात किंवा खलबत्त्यात अगदी बारीक करा, चाळणीतून चाळून घ्या. ही चाळणी चुकवू नका. सीटीसीचा दाणा भाजून नरम पडत नाही, दाताखाली रेतीसारखा येतो. ८० मिली तेल मंद आचेवर कोमट करा, बोट बुडवलं तर चटका बसेल न बसेल इतपतच, गॅस बंद करा, त्यात ही चहाची पूड आणि मसाल्याची पूड घाला आणि झाकून ठेवा. वीस मिनिटांनी झाकण काढाल तेव्हा जो वास येईल, तो भाजल्यावरही टिकतो. तेल तापवून फोडणी करायची नाहीये. चहा तेलात तळला गेला की जळकट कडू होतो आणि त्यावर उपाय नाही.

तेल कुठलं? वास नसलेलं, सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रॅन. खोबरेल चवीला छान, पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्या-नाशकाच्या थंडीत फ्रीजमधला चहाचा अर्क खोबरेलात ओतला की पिठात पांढऱ्या गुठळ्या दिसतात, आणि मफिन गार झाल्यावर कडक लागतात. मुंबईत, कोकणात मे महिन्यात खुशाल वापरा. शेंगदाण्याचं तेल नको, ते चहावर कुरघोडी करतं.

मसाल्याचं म्हणाल तर तयार चहा मसाला हेच गरम मसाल्याच्या वासाचं कारण असावं. बऱ्याच तयार मसाल्यांत लवंग आणि मिरे जास्त असतात, कारण दुधात ते दबतात. मफिनमध्ये दूध नाही, दाबणारं कोणी नाही. लवंग तर अशी की भाजल्यावर आणखी वर येते. १२ मफिनना तीन लवंगा पुरतात, चौथी घालू नका. मिरे सहा-सात. दालचिनी पूड एक टीस्पून. बाजारात आपल्याला जी जाड सालीची मिळते ती उग्र असते, म्हणून सपाट टीस्पून. सुंठ एक टीस्पून. ओलं आलं चहात कितीही आवडत असलं तरी इथे सुंठच, कारण आल्याचा ताजेपणा उष्णतेत उडून जातो आणि किसाचे धागे तेवढे राहतात. सुंठेचा तिखटपणा वेगळ्या जातीचा, घशात उशिरा पोचणारा, तो भाजल्यावर टिकतो. जायफळ किसणीवर चार-पाच वेळा घासा, बस.

वेलची मात्र या तेलात घालू नका. आठ-दहा वेलचीचे दाणे दोन चमचे साखरेबरोबर कुटा आणि ही साखर शेवटी कोरड्या पिठात मिसळा. वेलचीचा वास सगळ्यात आधी उडतो, म्हणून तिला सगळ्यात उशिरा आत पाठवायचं. सालं फेकू नका, चहाच्या अर्काच्या पाण्यात टाका. बडीशेप हवी तर अर्धा टीस्पून, पण मग जायफळ वगळा. दोन्ही गोडसर, एकमेकांत घुसतात.

आता टॅनिन झेलण्याचं काम कोणाला द्यायचं? माझी निवड नारळाचं घट्ट दूध, १२० मिली. त्यातला स्निग्धांश जिभेवर अस्तर धरतो आणि तुरटपणा बोथट होतो. शिवाय नारळ, गूळ, वेलची, जायफळ ही संगत आपल्या जिभेला परकी नाही. कोकणात खापरोळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातात, फणसाचं सांदण नारळाच्या दुधात होतं; गाईच्या दुधावाचून गोड पदार्थ करणं तिथे कोणाला पथ्य वाटत नाही. नारळाची चव नकोच असेल तर सोयाचं दूध घ्या. त्यात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, त्यामुळे रंगही चांगला येतो. लिंबू घातल्यावर ते फाटल्यासारखं दिसेल, दिसू द्या, ताकाचं काम करतं. फक्त कढत चहा सोयाच्या दुधात ओतू नका, मोठ्या गाठी होतात. ओट्सचं दूध चालतं, गोडसर असतं. बदामाचं सगळ्यात शेवटी.

खरेदीला जाताना मुलीचं दूध नेमकं कशासाठी बंद आहे, हे डोक्यात स्पष्ट ठेवा, कारण त्यावर निम्मी यादी ठरते. लॅक्टोज पचत नसेल तर थोडंफार तूप बहुतेकांना सोसतं, लॅक्टोजमुक्त दूधही चालतं. पण दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर ही दोन्ही बाद. लॅक्टोजमुक्त दुधात प्रथिनं पूर्ण असतात आणि तुपातही त्यांचा अंश राहू शकतो. किती कडक राहायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. खाली दिलेली कृती दोन्हींना चालते, पण पाकिटं दगा देतात. नारळाच्या दुधाची पावडर घेतलीत तर मागचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच पावडरींत सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. चहा-कॉफीत घालायच्या "नॉन डेअरी" पावडरींचंही तेच. बाटलीतलं थंड "बदाम मिल्क" हे बदामाच्या चवीचं गाईचं दूध असतं; वनस्पतीजन्य पेयांना आपल्याकडे दूध म्हणवून घेता येत नाही, म्हणून त्यांच्या खोक्यावर "आल्मंड ड्रिंक", "सोया ड्रिंक" असं काहीतरी लिहिलेलं असतं. झटपट चहाच्या प्रीमिक्समध्ये दूध पावडर असते. मार्गारीन आणि गडद चॉकलेटमध्येही दुधाचे घटक निघतात. २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर ॲलर्जीकारक घटकांत दूध असेल तर ते लिहावं लागतं, ती ओळ आधी शोधा. हिरव्या रंगातलं वी अक्षराचं वीगन चिन्ह दिसलं तर काम सोपं. साधा हिरवा ठिपका मात्र काहीच सांगत नाही, तो पनीरवरही असतो.

आणि साचे, चाळणी, ब्रश घासून घ्या. लोण्याचा ब्रश वेगळा ठेवा.

कृती १२ मध्यम मफिनची. मैदा १५० ग्रॅम आणि कणीक १०० ग्रॅम. वजनकाटा नसेल तर २४० मिलीच्या मापी कपानं मैदा सव्वा कप, कणीक पाऊण कप, दाबून न भरता. बेकिंग पावडर दोन टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून सपाट, मीठ अर्धा टीस्पून. साखर १३० ग्रॅम, जमलं तर निम्मी ब्राउन. वर सांगितलेलं मसाल्याचं आणि चहाचं तेल ८० मिली, चहाचा गार अर्क १४० मिली, नारळाचं दूध १२० मिली, लिंबाचा रस एक टेबलस्पून. पूर्ण मैदा घेतलात तर अर्क २० मिलीनं कमी करा, कणीक पाणी जास्त पिते. पूर्ण कणीक घेऊ नका. होतात, पण मग त्यांना मफिन म्हणायला धीर लागतो.

कोरडं सगळं एका मोठ्या भांड्यात चाळा, वेलचीची साखर मिसळा. दुसऱ्या भांड्यात अर्क, नारळाचं दूध, बाकीची साखर आणि तेल घालून व्हिस्कनं मिनिटभर घुसळा. तेलाचा तवंग वर दिसेनासा झाला पाहिजे. लिंबू शेवटी. आता ओलं कोरड्यात एकदम ओता आणि रुंद चमच्यानं खालून वर, खालून वर असं दहा-बारा वेळाच करा. कोरड्या पिठाची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात काढा. गुठळ्या राहतील, राहू द्यात. गुठळी मोडायला म्हणून फेटत बसलं की ग्लुटेन ताणलं जातं, मग मफिन कापल्यावर आत उभी भोकं दिसतात आणि चावायला रबरी लागतात. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित दाट हवं, चमचा उलटा केला की गठ्ठ्यानं पडावं. धारेनं वाहत असेल तर एक चमचा कणीक भुरभुरवा. पाच मिनिटं तसंच ठेवा, तेवढ्यात कणकेतला कोंडा ओलावतो. त्याहून जास्त थांबलात तर सोड्याचा वायू उडून जातो.

साच्यात तीन चतुर्थांश भरा. वरून दालचिनी मिसळलेली थोडी जाडी साखर भुरभुरवलीत तर कुरकुरीत टोपी येते. ओव्हन २०० अंशांवर आधीपासून तापलेला हवा, लहान ओटीजीला त्यासाठी १५ मिनिटं लागतात, दिवा विझला म्हणजे तापला असं धरू नका. पहिली सहा-सात मिनिटं २०० वर, मग दार न उघडता १८० वर आणून ११–१२ मिनिटं. सुरुवातीच्या तडाख्यानं मफिन वर उचलला जातो आणि दुधावाचूनही वरचा पापुद्रा रंग धरतो. चहामुळे पीठ मुळातच तपकिरी असतं, त्यामुळे रंग बघून ठरवू नका. मधोमध बोटानं हलकेच दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. आणि टूथपिकला ओलं पीठ लागता कामा नये, एखादा मऊ कण लागला तर हरकत नाही. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं साच्यात, मग जाळीवर. साच्यात जास्त वेळ राहिले तर वाफेनं तळ ओला होतो. कागदी वाट्या वापरल्यात तर गरम असताना सोलू नका, निम्मा मफिन कागदाला जाईल.

कुकरमध्ये करायचे असतील तर रिंग आणि शिट्टी काढा, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग साचे ठेवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. एका वेळी पाच-सहाच मावतात, म्हणून निम्म्या मापाचंच पीठ करा. उरलेलं ताटकळलं की दुसरा घाणा बसतो. एअर फ्रायरमध्ये १६० अंश, १४ ते १६ मिनिटं, पंख्याच्या वाऱ्यानं वरून लवकर भाजतात म्हणून तापमान कमी. रंग येईल, पण कुकरातल्यांना वर टोपी येत नाही. चव तीच.

आता सव्वासातच्या बसचं. खरं सांगायचं तर सकाळी उठून वजनकाटा काढायचाच नाही. एखाद्या निवांत दुपारी कोरडं मिश्रण तीन-चार वेळचं करून डब्यांत भरा: मैदा, कणीक, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, साखर. चांगलं घट्ट झाकण असेल तर तीन-चार आठवडे टिकतं. उन्हाळ्यात कणीक खवट होते, तेव्हा फ्रीजमध्ये. वेलची त्या वेळी घालू नका. आदल्या रात्री चहाची बरणी फ्रीजमध्ये, मसाल्याचं तेल वाटीत झाकून ओट्यावर, साच्यांना तेल लावून ठेवलेलं. सकाळी उठल्या उठल्या ओव्हन लावा. तो तापेपर्यंत ओलं-कोरडं मिसळून होतं. १८–१९ मिनिटं भाजायला, पाच गार व्हायला. सहा वाजता सुरुवात केली तर पावणेसातला मफिन ताटलीत. पीठच रात्री भिजवून ठेवू का, असं बरेच जण विचारतात. या कृतीत नको, सकाळपर्यंत सोडा आणि लिंबाचं सगळं बोलणं उरकलेलं असतं.

ज्यांना हेही जमत नाही त्यांनी रविवारी भाजून फ्रीजरमध्ये टाकावेत. मला तर हाच उत्तम मार्ग वाटतो, कारण लोण्याऐवजी तेल असल्यामुळे हे मफिन वितळल्यावर मऊच राहतात. पूर्ण गार झाल्यावर पिशवीत हवा काढून भरा. दोन महिने चव नीट राहते. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये मध्यम शक्तीवर अर्धा मिनिट, किंवा १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, त्यानं टोपी पुन्हा कुरकुरीत होते. डब्यात द्यायचा तर गोठलेलाच द्या, मधल्या सुट्टीपर्यंत सुटतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. तिथल्या थंडीत स्टार्च कडक होतो आणि मफिन दुसऱ्याच दिवशी शिळा वाटतो. बाहेर ठेवायचे तर दोन दिवस, पावसाळ्यात मुंबईसारख्या दमट हवेत दीडच.

काही फुटकळ गोष्टी, ज्या पुढे विचाराल असं वाटतं.

अंडं चालत असेल तर घाला. अंडं दुग्धजन्य नाही, त्याला दुधाच्या पथ्याशी काही देणंघेणं नाही. दोन अंडी घेतलीत तर अर्क आणि नारळाचं दूध मिळून ८० मिली कमी करा, सोडा आणि लिंबू दोन्ही काढून टाका, बेकिंग पावडर पुरते.

गूळ वापरायचा तर १५० ग्रॅम, गरम अर्कात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून. गुळाच्या चहात दूध फाटण्याची जी कटकट असते ती इथे नाही, हा दूध नसण्याचा एक फायदाच. गुळाचे मफिन लवकर तांबूस होतात, म्हणून दुसऱ्या टप्प्यात १७० अंश. साखर कमी करायची असेल तर १०० ग्रॅमपर्यंत या. त्याखाली गोडीपेक्षा ओलावा जास्त जातो आणि मफिन भुसभुशीत होतात.

मुलीच्या वयाचं तुम्ही लिहिलं नाही. १२ मफिनमध्ये मिळून सुमारे सहा कपांची चहा पावडर जाते, म्हणजे एका मफिनमागे अर्ध्या कपाची. लहान मूल असेल तर तेलातली चहाची पूड वगळा, अर्क एक टेबलस्पून पावडरीचा करा आणि गवती चहा, वेलची, सुंठ वाढवा. मसाला चहाचा भास बराचसा मसाल्यातूनच होतो, मुलांना फरक कळत नाही.

आणि एवढ्यावर पोट भरेल असं धरू नका. दूध गेलं की प्रथिनंही गेली, नारळाच्या दुधात ती फारशी नसतात. सोबत उकडलेलं अंडं, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ असू द्या. मावा केकसारखा दाट, दुधाळ घास हवा असेल तर तो या वाटेनं मिळणार नाही, त्याच्या मागे लागू नका.

परदेशातून कोणी वाचत असेल तर: ऑल-पर्पज फ्लोअर म्हणजे मैदाच धरा. ब्रिटनमध्ये सेल्फ-रेझिंग घेतलंत तर त्या मैद्यापुरती बेकिंग पावडर आधीच आत असते, वरून कणकेसाठी पाऊण टीस्पूनच घाला. पंख्याचा ओव्हन असेल तर सगळी तापमानं २० अंशांनी कमी. तिकडे खोक्यात मिळणारा चाय कॉन्सन्ट्रेट बहुधा गोड असतो. तो वापरायचा तर साखर निम्मी करा, आणि चाय लाटे पावडर घेण्याआधी दूध पावडर आहे का ते बघा.